मदत हवी आहे : आडून सांगितलेला अर्थ मुलाला कसा शिकवावा, आणि तो कधी शोधू नये हे कसे सांगावे?

माझा मुलगा साडेआठ वर्षांचा आहे. वाचन चांगले आहे, शब्दसंग्रह वयाच्या मानाने मोठा आहे, आणि ‘घर डोक्यावर घेणे’ म्हणजे खरोखर घर उचलणे नव्हे, हे त्याला समजावून द्यावे लागत नाही. अडचण येते ती अगदी सरळ दिसणाऱ्या वाक्यांपाशी. मागे एकदा मी त्याच्या खोलीत डोकावून म्हणाले, ‘‘किती पसारा झालाय इथे!’’ त्याने मान वर करून खोलीभर नजर फिरवली, ‘‘हो, खूपच झालाय,’’ असे शांतपणे सांगितले आणि पुन्हा पुस्तकात डोके घातले. यात उद्धटपणा मुळीच नव्हता, कारण ‘‘मग आवर की,’’ म्हटल्याबरोबर तो उठला, आणि वर मलाच विचारता झाला, ‘‘मग आधीच ‘आवर’ का नाही म्हणालीस?’’ या प्रश्नाला माझ्यापाशी धड उत्तर नव्हते.

म्हणून मी एक खेळ सुरू केला. रोज रात्री मी एक वाक्य सांगायचे आणि ‘वाक्याच्या पोटात काय आहे’ ते त्याने ओळखायचे. दोन आठवड्यांत तो इतका तरबेज झाला की आता त्याला प्रत्येक वाक्याच्या पोटात काहीतरी दिसू लागले आहे. परवा सकाळी मी सहज म्हटले, ‘‘अरे वा, आज लवकर उठलास!’’ तर त्याचा चेहराच उतरला. ‘‘म्हणजे मी रोज उशिरा उठतो, असंच ना?’’ वर्गातला एक मित्र ‘‘तुझं चित्र मोठं आहे,’’ एवढेच म्हणाला, तर चित्र वाईट आहे असे त्याला सुचवायचे होते, हे धरून स्वारी संध्याकाळपर्यंत खट्टू. आडून सांगितलेला अर्थ असतो, हे मला शिकवता आले. तो नसतो तेव्हा तो नसतोच, हे कसे शिकवायचे, ते मला कळेनासे झाले आहे.

उत्तर सापडते का म्हणून मी व्याकरणातला शब्दशक्तींचा भाग पुन्हा काढून वाचला. अभिधा (शब्दाचा सरळ अर्थ सांगणारी), लक्षणा (सरळ अर्थ जुळत नाही म्हणून त्याच्याशी संबंधित दुसरा अर्थ देणारी) आणि व्यंजना (सरळ अर्थ कायम ठेवून आणखी काही सुचवणारी) ही नावे आपण परीक्षेपुरती पाठ केलेली असतात, पण यावेळी त्यांतून थोडेसे हाती लागले. अकराव्या शतकातला संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मट याने आपल्या ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात लक्षणेसाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत : मुख्य अर्थाला बाध येणे, नव्या अर्थाचा मुख्य अर्थाशी काही संबंध असणे, आणि तसे बोलण्यामागे रूढी किंवा प्रयोजन असणे. यातली पहिली अट मी ‘वाक्य अडतंय का?’ अशा शब्दांत मुलाला सांगितली. ‘सगळा वर्ग हसला’ हे वाक्य अडते, कारण भिंती आणि बाके हसत नाहीत. म्हणून ‘वर्ग’ म्हणजे वर्गातली मुले. हे त्याला पाच मिनिटांत पटले, आणि दुसऱ्या दिवशी ‘किटली उकळतेय’ हे वाक्यही अडते, उकळते ते पाणी, असे त्यानेच मला येऊन सांगितले.

घोडे पेंड खाते ते व्यंजनेपाशी, कारण तिथे वाक्य मुळी अडतच नाही. ‘सूर्य मावळला’ हे मम्मटाचेच उदाहरण घ्या. सूर्य खरोखरच मावळलेला असतो, तरीही ऐकणाऱ्यागणिक त्या वाक्याचा अर्थ ‘काम थांबवू या’, ‘गुरे आत घ्या’, ‘विकायचा माल आवरा’ किंवा ‘लांब जाऊ नकोस’ असा निरनिराळा होतो. माझे पसाऱ्याचे वाक्य याच जातीचे होते. अर्थ शब्दशः घेतला तरी खराच निघतो, मग मुलाने आणखी आत कशाच्या जोरावर पाहावे, आणि कुठे थांबावे? त्याचे ऐकणे, बोलणे, मुलांत मिसळणे सगळे व्यवस्थित आहे, त्यामुळे मला शिकवण्याची रीत हवी आहे. कोणी मुलांना हे शिकवले असेल, तर कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

मी प्राथमिक वर्गांना भाषा शिकवते. पहिल्यांदा हे सांगते की पसाऱ्याच्या वेळी आपल्या मुलाचे तर्काच्या दृष्टीने काहीच चुकले नव्हते. आयरा नोव्हेक या संशोधकाने 2001 साली फ्रेंच बोलणाऱ्या मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘काही जिराफांची मान लांब असते’ यासारखी वाक्ये सात ते दहा वर्षांच्या बहुतेक मुलांनी बरोबर ठरवली, तर निम्म्याहून अधिक मोठ्या माणसांना ती पटली नाहीत. ‘काही’ म्हटले की ‘सगळ्या नव्हे’ असे मोठी माणसे आपणहून जोडून घेतात. शब्दांपुरते पाहिले, तर मुलेच बरोबर होती.

तुमच्या खेळात मला उणीव दिसते ती एवढीच की त्यात उत्तर नेहमी असतेच. पोटात काहीही नाही, असे एकही वाक्य तुम्ही त्याला दिले नसावे. मी वहीत तीन रकाने आखायला लावते : शब्द काय म्हणतात, बोलणाऱ्याला काय सांगायचे असावे, आणि हे मला कशावरून कळले. माझा सगळा भर तिसऱ्या रकान्यावर असतो. तो कोरा राहिला, तर दुसऱ्या रकान्यात लिहिलेले खोडायचे, असा वर्गात नियमच आहे. तिसऱ्या रकान्यात काय लिहिता येते, हेही मम्मटाकडेच मिळेल : बोलणारा कोण, ऐकणारा कोण, काकू म्हणजे आवाजाचा चढउतार, प्रसंग कोणता, जागा आणि वेळ कोणती. ‘‘मला वाटलं’’ हे त्या रकान्यात चालत नाही; मुले नेमके तेच लिहू पाहतात, आणि तिथे मात्र थोडे कठोर व्हावे लागते.

प्रतिसाद २

थोडे वेगळे मत मांडतो. आवरायला सांगायचे असेल, तर ‘आवर’ म्हणावे. आपण आडून बोलतो ते पुष्कळदा आज्ञा केल्याचे आपल्याला वाटू नये म्हणून, आणि ते ओळखण्याचे ओझे मुलावर पडते. शिवाय, खात्री नसेल तेव्हा ‘‘तुला आणखी काही सांगायचंय का?’’ असे विचारण्याची मुभा त्याला द्यावी, आणि विचारल्यावर हसू नये.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही आभार. सरळ बोलण्याचा सल्ला घरापुरता मान्य आहे, पण बाहेरचे जग त्याच्याशी सरळच बोलेल असे नाही, म्हणून रकान्यांचा प्रयोग करून पाहिला. मी मुद्दाम ‘‘बाहेर अंधार पडलाय,’’ हे वाक्य एकदा खिडकीशी उभी राहून म्हटले आणि एकदा तो चेंडू घेऊन दाराकडे निघाला असताना. पहिल्या खेपेला त्याने तिसरा रकाना कोरा ठेवला, आणि दुसऱ्या खेपेला लिहिले, ‘माझ्या हातात चेंडू होता.’

मग तो आपण होऊन जुन्या वाक्यांकडे वळला. ‘आज लवकर उठलास’ याच्यासमोर तिसरा रकाना कोरा राहील, अशी माझी खात्री होती. त्याने लिहिले, ‘सोमवारी उशीर झाला म्हणून आई ओरडली होती.’ मी ते साफ विसरले होते. त्या रकान्यापुढे मला काहीच बोलता आले नाही. चित्राच्या वाक्यासमोर मात्र तो बराच वेळ पेन्सिल चावत बसला, अखेर जागा कोरीच ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी मित्राला विचारून आला. मित्राने सांगितले, ‘‘मोठं म्हणजे मोठं. माझ्या वहीत मावलं नसतं.’’