दुसऱ्या गायीनेपण सातव्या महिन्यात गाभ टाकला, ब्रुसेला (जंतूने गाभ पाडणारा रोग) असेल का? घरात वहिनी गरोदर आहे

शीळचा_गोठा
नमस्कार मंडळी, शीळफाट्याजवळ आमचा छोटा गोठा आहे, ५ गायी, ३ म्हशी, २ कालवडी. दूध आजूबाजूच्या सोसायट्यांमध्ये घरोघरी जातं. मे महिन्यात बाहेरून आणलेल्या एका एचएफ (होल्स्टीन, विदेशी जातीच्या) गायीने सातव्या महिन्यात गाभ टाकला, तेव्हा वाटलं उन्हाने झालं असेल नाहीतर घसरून पडली असेल. काल रात्री तिच्या शेजारी बांधलेल्या दुसरीनेपण तेच केलं, तिलाही सातवाच होता आणि दोघींचीही वार (गर्भाभोवतीचं आवरण) अडकली. बाबांनी दोन्ही वेळा नुसत्या हाताने ओढून काढली. पहिल्या वेळची वार नाल्याकडे टाकलेली ती कुत्र्यांनी ओढत परत अंगणात आणली होती, ते आता आठवलं की पोटात गोळा येतो. डॉक्टर उद्या येणार आहेत, फोनवर म्हणाले ब्रुसेला वाटतोय, रक्त तपासू. यावर औषध आहे का? दूध द्यायचं का? काका म्हणतात गाजावाजा न करता दोघींना बाजारात नेऊन विकून टाक. आणि वहिनी पाच महिन्यांची गरोदर आहे, शेणगोठा तीच करते. बाबांना पण १५-२० दिवस झाले संध्याकाळी ताप चढतो, घाम सुटतो, कंबर धरते, मलेरियाची टेस्ट निगेटिव्ह आली. प्लीज कोणीतरी सांगा.

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक
वहिनींना आजपासून गोठ्यात पाठवू नका, बाकीचं नंतर बोलू. हा रोग माणसाला होतो आणि गरोदर बाईला झाला तर तिचाही गर्भ जाऊ शकतो. त्यांच्या डॉक्टरांना गोठ्यातलं सगळं सांगा. बाबांनाही लगेच डॉक्टरकडे न्या आणि आपणहून सांगा की गाभडलेल्या गायीची वार हाताने काढली आहे, नाहीतर ते टायफॉइड-मलेरियातच फिरत राहतील.

आता जनावरांचं. आपल्याकडे याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात, पाचव्या महिन्यानंतर गाभ टाकणं आणि वार अडकणं ही ओळखीची खूण. पण लेप्टो आणि आयबीआर या दुसऱ्या रोगांनीही गाभ जातो म्हणून नुसत्या अंदाजावर जाऊ नका, सगळ्या मोठ्या जनावरांचं रक्त द्या. आधी रोझ बंगाल नावाची झटपट टेस्ट करतात, मग एलायझा या दुसऱ्या रक्ततपासणीने पक्कं करतात. काल गाभडलेल्या गायीची निगेटिव्ह आली तरी तीन-चार आठवड्यांनी परत करा, लगेच केलेली कधीकधी चुकते. गायीला औषध देऊन हा जात नाही, जंतू पेशीच्या आत लपून बसतो. आणि सगळ्यात जास्त फसवतं ते हे, की पुढच्या वेताला तीच गाय बहुतेकदा पूर्ण दिवस भरून व्यायते, लोक म्हणतात बरी झाली, पण तिच्या वारेतून, पाण्यातून, दुधातून जंतू पडतच असतात.

कालच्या जागेवर चुना टाका, फिनाईलने धुवा. वार आणि गर्भ गमबूट-हातमोजे घालून, कमरेपेक्षा खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, वर दगड ठेवा म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. आपल्याकडे पावसात गोठा महिनोन्महिने ओला राहतो, ओल्या सावलीत हा जंतू लवकर मरत नाही, उन्हात मरतो.

मुरबाडकर७७
बाबांचं वाचून लिहितोय. मला हाच झाला होता, दोन महिने ताप येत-जात होता, अंगात कायम कणकण, गुडघे धरलेले, तीन डॉक्टर झाले पण एकानेही घरी जनावरं आहेत का म्हणून विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. शेवटी एका तरुण डॉक्टरने विचारलं तेव्हा ब्रुसेलाची टेस्ट केली. डॉक्सी आणि रिफाम्पिसिन ही अँटिबायोटिक्स पूर्ण सहा आठवडे घ्यावं लागलं. दहा दिवसांत बरं वाटतं आणि माणूस गोळ्या सोडतो, तसं करू देऊ नका, अर्धवट सोडलं की परत उलटतो.

कल्याण_दूधवाला
काकांचं ऐकू नका भाऊ. मी अशीच कोणीतरी गुपचूप विकलेली गाय घेतली होती, वर्षभरात माझ्या तीन गाभडल्या आणि अजून फेडतोय. बाहेर देशात पॉझिटिव्ह जनावर काढून टाकतात, आपल्याकडे गाय कत्तलीला देता येत नाही, मग ती फिरत फिरत कोणाच्या तरी दावणीला जाणारच. ठेवा, पण वेगळी बांधा, पाणी-गव्हाण वेगळी, व्यायची जागा वेगळी. मी तर आता रक्त तपासल्याशिवाय जनावर आणतच नाही, जत्रेतलं असो नाहीतर ओळखीच्याकडचं.

शीळचा_गोठा
खूप आभार सगळ्यांचे, वहिनीला आज सकाळीच गोठा बंद केला. दुधाचं काय करू? पुतण्या रोज धारोष्ण पितो आणि मागच्या महिन्यातच चीक वाटला होता सोसायटीत.

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक
धारोष्ण आजच बंद. खरवस वाफवून केला असेल तर त्याची काळजी नाही, नीट उकळलेल्या दुधात हा जंतू मरतो. तरी गिऱ्हाइकांना स्पष्ट सांगा की उकळूनच घ्या, आणि रिपोर्ट येईपर्यंत त्या दोघींचं दूध घरोघरी देऊ नका. वासरांनाही तापवून पाजा. धार काढणाऱ्याने हाताला चीर असेल तर मोजे घालावेत, त्या दोघींची धार सगळ्यात शेवटी काढावी. कालवडी किती महिन्यांच्या? ४ ते ८ महिन्यांत एकदाच ब्रुसेलाची लस असते, २०१९ पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात फुकट मिळते, कानात बिल्ला मारून नोंद करतात. फक्त मादी वासरांना, गाभण जनावराला आणि नराला नाही. लस जिवंत जंतूची आहे त्यामुळे टोचणाऱ्यानेही हात आणि डोळे सांभाळायचे, तुम्ही हौसेने स्वतः टोचू नका. आणि गावच्या वळूकडे नेणं थांबवा, तपासलेल्या वळूचं कृत्रिम रेतन घ्या.

शीळचा_गोठा
अपडेट देतो, रिपोर्ट आले. त्या दोघी पॉझिटिव्ह आणि अजून एक गाय, जी मला सगळ्यात निरोगी वाटायची. तिघींना मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बांधलंय. म्हशी निगेटिव्ह, महिन्याने परत रक्त देणार. एक कालवड सहा महिन्यांची आहे तिला मंगळवारी लस, दुसरी चौदाची झाली, तिचं वय निघून गेलं याचं फार वाईट वाटतंय. वहिनीची टेस्ट निगेटिव्ह. बाबांची पॉझिटिव्ह आली, कालपासून गोळ्या चालू केल्या, डब्यावर सहा आठवड्यांची तारीख लिहून ठेवली आहे. काकांनी काल स्वतः खड्डा खणला.