मदत हवी आहे: कौल डावा पडला, पण मन मानत नाही

नमस्कार. वडिलांना पक्षाघाताचा झटका आल्यापासून आई सिंधुदुर्गातील गावी एकटीच त्यांचे सारे करते आहे, आणि मुंबईची नोकरी सोडून कायमचे गावी जावे का, या विचाराने गेले चार महिने माझी झोप उडाली आहे. आईच्या आग्रहावरून ग्रामदेवतेला कौल लावला. गुरवकाकांनी गाऱ्हाणे घातले. मूर्तीला लावलेल्या कळ्या बराच वेळ जागच्या हलल्या नाहीत, आणि अखेर डावीकडची पडली, म्हणजे आमच्याकडील रीतीप्रमाणे नकार. आईने तो निमूटपणे स्वीकारला. मला मात्र वडिलांचा निर्जीव हात हातात घेतला की देवी याच घरातून बोलावते आहे, असे वाटते.

१६३० च्या सुमाराच्या दुष्काळात पत्नी आणि मुलगा गमावूनही तुकाराम महाराजांची विठ्ठलनिष्ठा ढळली नाही, हे आठवले की धीर येतो. पण निर्णय कसा घ्यावा, हे त्यातून कळत नाही.

कौल आणि अंतःकरण यांत असा विरोध आपणांपैकी कोणी अनुभवला असल्यास, देवाची इच्छा कशात आहे हे आपण कसे ओळखले? आणि पुन्हा कौल लावणे हा देवीवरचा अविश्वास ठरेल का? कृपया सविस्तर लिहावे.