नवे टायर टाकले आणि 90 च्या पुढे स्टेअरिंग थरथरतंय, नाशकात बॅलन्सिंग नीट कोण करतं?

कसारा_क्रॉसिंग:
मंडळी सल्ला हवाय. 2019 ची स्विफ्ट आहे, स्टील रिम, 165/80 आर14. चारही टायर नवीन टाकले, बॅलन्सिंग अलाइनमेंट सगळ्याचे पैसे दिले. गावात गाडी एकदम लोणी, पण समृद्धीवर 90 ला नेली की स्टेअरिंग थरथरायला लागतं, 110 च्या पुढे परत जरा शांत. दुकानदार म्हणतो नवीन टायर आहे, 500 किमी चालवा आपोआप बसेल, नाहीतर अलाइनमेंट परत करा (पैसे वेगळे 🙂). बायको म्हणते डोळे मिटून शोरूमला टाक. नाशकात कोणी भरवशाचा आहे का, सिडको-अंबड साइडला असेल तर बरं.

नटबोल्ट:
आपोआप काही बसत नसतं. ठराविक स्पीडला थरथर म्हणजे बॅलन्सिंग बिघडलेलं (चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसणं) किंवा टायर रिमवर नीट न बसणं. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, नाहीतर टायर एका कडेने झिजतो. आधी फुकटातली टेस्ट कर, पुढची दोन चाकं मागे आणि मागची पुढे टाक. थरथर स्टेअरिंगमधून जाऊन सीटखाली आली तर दोष चाकातच आहे, सस्पेन्शनवाल्याकडे जाऊच नको.

मिसळ_विथ_ताक:
शोरूमला पण तीच मशीन आणि तसाच पोरगा असतो रे, फक्त बसायला एसी मिळतो.

गॅरेजबाहेरचा:
दुकानाचं नाव विचारण्यापेक्षा समोर उभं राहून काम बघ, माझ्या मते तोच खरा सल्ला. मी काय बघतो ते सांगतो.

टायरच्या साइडवॉलवर रिमच्या अगदी लगत एक बारीक उंच रेघ असते गोल फिरलेली. हवा भरल्यावर ती रेघ रिमच्या कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे, चाक उलटं करून दुसऱ्या बाजूनेही बघायचं. एका जागी रेघ रिममध्ये बुडालेली दिसली तर टायर तिथे बसलेलाच नाही, मग बॅलन्सिंगसाठी रिमवर कितीही वजनं ठोका, थरथर राहणारच. साबणाचं पाणी दोन्ही कडांना भरपूर लावलं की सहसा नीट बसतो, पण घाईत कोरडाच चढवतात किंवा ऑइल-ग्रीस फासतात, ते तर अजिबात नको. आणि बसत नाही म्हणून 40 पीएसआयच्या वर हवा मारत बसला तर सरळ थांबव त्याला, हवा सोडून परत साबण लावून बसवायचं, कड फाटली तर माणूस जातो.

दुसरं म्हणजे ठिपके. नवीन टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती हलकी बाजू, ती वॉल्वला लागून आणायची म्हणजे वजन कमी लागतं. लाल ठिपका वेगळा, तो टायरच्या उंच जागेचा, रिमवर खूण असेल तर तिला लागून, आणि दोन्ही असतील तर लालचं आधी ऐकायचं. ठिपके नसले तरी घाबरू नको, सगळ्या कंपन्या देत नाहीत.

मशीनवर चढवायच्या आधी जुनी वजनं काढली का बघ, रिमच्या आत वाळलेला चिखल असतो तोही खरवडून काढायला लाव. मशीनचा कोन (चाक मधोमध धरणारा शंकूसारखा तुकडा) चाकाच्या मधल्या भोकात घट्ट बसलेला हवा, तिरका बसला तर मशीन बिचारी खोटंच बोलणार. वजनं ठोकल्यावर परत फिरवायला लाव, दोन्ही बाजूंना 00 आलं पाहिजे. बहुतेक जण हेच टाळतात. एका बाजूला 60-70 ग्रॅम मागत असेल तर वजनं लावूच देऊ नको, हवा सोडून टायर रिमवर अर्धा फिरवून परत बघ. तरीही मागत असेल तर रिम वाकलंय का ते तपास, मशीनवर फिरताना कडेजवळ पेन धरला की डोळ्याला दिसतं.

नटबोल्ट:
+1. आणि चाक गाडीला लावताना हबवर (चाक जिथे टेकून बसतं ती जागा) गंज असेल तर वायर ब्रश मारायला सांग. नट हाताने धरवून, मग समोरासमोरचे आवळायचे, गनने एकच नट खच्चून आवळून पुढे जाणाऱ्याकडे परत जाऊ नकोस. 50-100 किमीनंतर एकदा पाना लावून बघ.

पिंपळगाव_एक्सप्रेस:
मधेच विचारतो, माझे अलॉय आहेत, त्याला ठोकायची वजनं लावली चालतात का?

गॅरेजबाहेरचा:
नको, कड खराब होते. आतून चिकटवायच्या पट्ट्या लावतात, पण आधी जागा पुसून कोरडी करायला लाव, नाहीतर पहिल्या पावसातच उडतात.

कसारा_क्रॉसिंग:
आत्ता पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन बघितलं, पुढच्या डाव्या चाकाची ती रेघ वॉल्वच्या बाजूला एकदम आत गेलीये!! बाकी तिघांची सारखी दिसतेय.

नटबोल्ट:
मग झालं तर. त्याच दुकानात जा, फोटो दाखव, परत बसवून बॅलन्सिंग करून दे म्हण, आणि एक रुपया देऊ नको. तोवर समृद्धीवर जाऊ नकोस.

मिसळ_विथ_ताक:
आणि तो नायट्रोजन भरा म्हणाला तर नको म्हण, साधी हवा दर पंधरा दिवसांनी चेक केलीस तर पुरे.