"अंगावर पाजतेस ना?" हा प्रश्न बाळंतिणीला का विचारायचा?

रानजाई
थोरलीच्या वेळी सिझेरियन झालं. तिला नीट तोंडात धरता यायचं नाही, माझ्या स्तनाग्रांना चिरा पडल्या, पाजायची वेळ आली की पोटात गोळा यायचा. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी, सगळं झालं. जन्मतः 2900 ग्रॅमची पोर बाराव्या दिवशी 2500 वर आली. डॉक्टरांनी पावडरचं दूध सुरू केलं, त्या रात्री ती पहिल्यांदा सलग तीन तास झोपली. पण बघायला येणारी प्रत्येक बाई आधी हेच विचारायची, "अंगावर पाजतेस ना?" मी हो म्हणायचे आणि बाटली कपाटात लपवायचे. धाकट्याला बावीस महिने पाजलं, तेव्हा त्याच बायका म्हणाल्या, "अजून तोडलं नाहीस?"
माझं म्हणणं एवढंच, बाळ उपाशी राहू नये. दूध कुठलं ते आईला ठरवू द्या.

चाफेकळी
नाही पटलं. मी अकरा वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स आहे. तुमच्या लेकीला वरचं देणं भागच होतं, त्याबद्दल वादच नाही. पण रोज दिसतं ते असं: दुसऱ्या दिवशी बाळ रडलं की घरचं कुणीतरी म्हणतं, "हिला दूधच नाही," आणि डबा येतो. अहो, पहिले दोन-तीन दिवस चीकच येतो, तोही थोडाथोडा, आणि बाळाला तेवढाच लागतो. बाटलीनं पोट भरलं की बाळ ओढत नाही, आणि ओढलं नाही तर दूध वाढणार कसं? मग "दूध नाही" हे आठवड्याभरात खरं होऊन बसतं. 1992 च्या कायद्यानं या पावडरींची आणि बाटल्यांची जाहिरात बंद केली, ती उगाच नाही.

पाऊलवाट
ताई, सहा महिने फक्त अंगावर पाजा, हे ऐकून ऐकून कान किटले. कायद्यात 2017 पासून 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. मी कंत्राटावर. तिसऱ्या महिन्यात निरोप आला, या नाहीतर दुसरी बघतो. दुपारी पान्हा फुटून ब्लाऊज भिजायचा, आणि तिकडे सासूबाई वाटी-चमच्यानं पावडरचं पाजायच्या. दूध काढून ठेवायला संडासाशिवाय जागा नव्हती. तिथं काढलेलं मी ओतून दिलं. लेकराचं दूध संडासात ओतताना काय वाटतं, ते कुणाला सांगू?

चाफेकळी
पाऊलवाट, यात तुमची चूक नाहीच. रजा तुमच्या हक्काची होती, ती बुडवली गेली. मी म्हणते ते पहिल्या आठवड्याबद्दल.

जुनंघर
आमच्या काळी असली थेरं नव्हती. मी चार मुलं पाजली, एकही डबा घरात आला नाही. हल्लीच्या मुलींना सोसवत नाही.

रानजाई
काकू, माझ्या आजीलाही दूध आलं नव्हतं. माझ्या वडिलांना तिच्या थोरल्या जावेनं पाजलं, स्वतःच्या मुलाबरोबर. आजी हे ऐंशीव्या वर्षी बोलली, तेही मी रडत होते म्हणून. डबा नव्हता, पण अडचण होतीच.

चाफेकळी
जावेनं पाजलं, हे किती छान! मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 पासून दूधपेढी आहे, तिथं दुसऱ्या आयांचं दूध तपासून, पाश्चराइझ करून कमी दिवसांच्या, अशक्त बाळांना देतात. म्हणून म्हणते, आपलं नाही तर थेट डबाच, असं नसतं.

रानजाई
तुमचं एक मान्य. धाकट्याच्या वेळी एका नर्सनं शेजारी बसून दाखवलं, नुसतं टोक नाही, भोवतीचा काळा भागही बाळाच्या तोंडात गेला पाहिजे. चार दिवसांत चिरा भरल्या. थोरलीच्या वेळी हे कुणी दाखवलं नाही, विचारलं मात्र सगळ्यांनी. त्या बाटलीचा जाब मी आता कुणालाही देणार नाही.