अनिवार्य विषय आणि राखीव पार्किंग: विद्या परिषदेने वेळ कशाला द्यावा?

मूळ मांडणी (इतिहास विभाग)

गेल्या बैठकीत विद्या परिषदेपुढे दोन प्रस्ताव होते. शाखा कोणतीही असली तरी पहिल्या वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांना लेखन आणि संख्याशास्त्र हे विषय अनिवार्य करावेत, हा पहिला. आणि प्राध्यापकांच्या राखीव पार्किंगला परवाना शुल्क लावावे, हा दुसरा. पहिल्यावर वीस मिनिटे चर्चा झाली, दुसऱ्यावर दोन तास, आणि अभ्यासक्रमाचा प्रस्ताव पुढील बैठकीवर ढकलला गेला. याचे मला मनापासून वाईट वाटते.

गेल्याच महिन्यात तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा प्रकल्प तपासत होते. तिच्या सर्वेक्षणाच्या तक्त्यात प्रत्येकाने एकच पर्याय निवडायचा होता, तरी टक्केवारीची बेरीज १४० भरत होती. मुलगी हुशार आहे आणि तिने वाचनही भरपूर केले आहे. पण आकड्यांकडे संशयाने पाहायचे असते, हे तीन वर्षांत आपण कोणीच तिला सांगितले नव्हते. कोलंबिया विद्यापीठाने पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, समकालीन संस्कृतीवरचा एक समान अभ्यासक्रम सुरू केला आणि तो आजही तेथे अनिवार्य आहे. वेगवेगळ्या विभागांतील शिक्षक तो लहान वर्गांत शिकवतात, म्हणूनच तो टिकला असे मला वाटते.

प्रतिसाद (रसायनशास्त्र विभाग)

मॅडम, मी दोन्ही बाबतींत असहमत आहे. सक्ती केल्याने वर्ग भरतो, गोडी लागतेच असे नाही. चार्ल्स एलियट १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी अनिवार्य विषय एकेक करून काढत नेले. शतक संपेपर्यंत पहिल्या वर्षाच्या लेखनाखेरीज जवळजवळ काहीच सक्तीचे उरले नव्हते. ब्राउन विद्यापीठाने तर १९६९ मध्ये सर्वसाधारण अनिवार्य विषयांची चौकटच मोडली. आणि बैठकीत कोणी उघड बोलले नाही ते मी बोलतो: अनिवार्य विषय ज्या विभागाकडे जातो त्याचा कार्यभार वाढतो, कार्यभारावर पदे मंजूर होतात, आणि म्हणून प्रत्येकाला आपलाच विषय विद्यार्थ्यांच्या हिताचा वाटू लागतो.

पार्किंगला क्षुल्लक म्हणणे हा तर अन्याय आहे. माझ्या विभागातील प्रात्यक्षिके संपून उपकरणे धुवून ठेवीपर्यंत अंधार पडतो. तासिका तत्त्वावर शिकवणारे सहकारी एकाच दिवशी दोन संस्थांमध्ये तास घेतात आणि जागा शोधताना त्यांची पहिली दहा मिनिटे जातात. त्याच वेळी नावाची पाटी लावलेल्या जागा दिवसभर रिकाम्या असतात. दोन तास त्यासाठी गेले, तर बिघडले कुठे?

प्रतिसाद (संख्याशास्त्र विभाग)

सर, एलियट यांचे उदाहरण तुमच्यावरच उलटते. सगळे विषय काढल्यावरही त्यांनी जो एक ठेवला तो लेखनाचाच, म्हणजे इथे मागितलेल्या दोहोंपैकी एक. त्यांच्यानंतर १९०९ मध्ये आलेल्या लॉरेन्स लॉवेल यांनी मोकळ्या निवडीला लगाम घालून मुख्य विषयातील सखोलता आणि इतर शाखांचा परिचय अशी विभागणी आणली, कारण बरेच विद्यार्थी विस्कळीत आणि सोप्या विषयांची मोट बांधून पदवी घेत होते. ब्राउनची मोकळीक चालते, कारण निवडीसाठी सल्ला देणारी यंत्रणा तिच्या जोडीला आहे. तशी यंत्रणा आपण उभी केलेली नाही.

कार्यभाराबद्दल मात्र तुम्ही खरे बोललात, आणि ते माझ्या विभागालाही लागू आहे. म्हणून माझी दुरुस्ती अशी: संख्याशास्त्राचा सुटा पेपर नको. सूत्रे पाठ करून उत्तीर्ण झालेली मुले मी दर वर्षी पाहते. आकड्यांचे वाचन इतिहासाच्या मुलांना इतिहासाच्याच सामग्रीतून शिकवावे आणि ते दोन विभागांनी मिळून शिकवावे.

राहिला पार्किंगचा प्रश्न. येण्याजाण्याची वाट धरली, तर एका मोटारीला साधारण २५ ते ३० चौरस मीटर जागा लागते. तीन मोटारींच्या जागेत चाळीस मुलांचा वर्ग सहज बसतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डोनाल्ड शूप आयुष्यभर हेच मांडत राहिले की फुकट पार्किंगची किंमत शेवटी सगळेच भरतात, गाडी नसलेलेही. शुल्क लागलेच पाहिजे.

रसायनशास्त्र विभागाचे उत्तर

लेखनापुरते तुमचे म्हणणे मान्य, संख्याशास्त्राच्या सक्तीला माझा विरोध कायम आहे. शुल्कही सरसकट नको. ते वेतनाच्या प्रमाणात असावे आणि तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांना पूर्ण माफ असावे. नावाच्या पाट्या काढण्याबाबत या प्रस्तावात एक शब्दही नाही, आणि तो येईपर्यंत मी त्याच्या बाजूने मत देणार नाही.

मूळ मांडणी करणाऱ्यांचे उत्तर

पाट्या काढाव्यात, हे मलाही पटते. माझ्या नावाची पाटी मी उद्याच काढून देते. संयुक्त अध्यापनाची दुरुस्ती मी प्रस्तावात घालत आहे, सक्ती मात्र दोन्ही विषयांना ठेवणार आहे. विषयपत्रिकेवर अभ्यासक्रम पहिला यावा, अशी लेखी मागणी कुलसचिवांकडे देत आहे. सर, त्या मागणीवर तुमची सही मिळेल का?