ऊमेओ आयके: युरोपात अव्वल, पण त्याच वर्षी घरच्या लीगमध्ये नाही? तक्ता जुळेना

कॉर्नरकिक

स्वीडनच्या ऊमेओ आयके या महिला फुटबॉल क्लबचा वर्षवार तक्ता करतोय. तीन ठिकाणी गाडी अडली आहे.

१) युरोपियन करंडक २००३ आणि २००४ चा. पण या दोन्ही वर्षी स्वीडिश लीग यूरगोर्डेन/एल्व्हशोने जिंकलेली आहे. मग ऊमेओला युरोपात प्रवेश मिळाला कसा?
२) स्थापनेचं वर्ष कुठे १९१७, कुठे १९८५. कोणतं धरू?
३) ब्राझीलच्या मार्ताच्या खात्यात ऊमेओकडून युरोपियन विजेतेपदं किती? एक की दोन?

डावी_विंग

तुम्ही 'वर्ष' असा एकच रकाना केलाय, घोळ तिथेच आहे.

स्वीडनमध्ये हिवाळ्यात मैदानं बर्फाखाली असतात, म्हणून दामआल्सवेन्स्कन (महिलांची सर्वोच्च लीग) वसंतात सुरू होऊन शरदात संपते, सगळा हंगाम एकाच कॅलेंडर वर्षात. युएफा महिला करंडक (म्हणजे तुमचा 'युरोपियन करंडक') मात्र शरदात सुरू होऊन पुढच्या वर्षी एप्रिल ते जूनच्या दरम्यान संपायचा. २००२-०३ चा करंडक सुरू झाला तेव्हा २००२ ची लीग अजून चालूच होती. म्हणजे प्रवेश २००१ च्या विजेत्याला. लीग जिंकणं आणि तिच्या जोरावर युरोपियन फायनल खेळणं यात दोन वर्षांचं अंतर पडतं.

आता लावून बघा. लीग २००० → फायनल २००२ (हार). लीग २००१ → फायनल २००३ (जीत). लीग २००२ → फायनल २००४ (जीत). लीग २००५ → फायनल २००७ (हार). लीग २००६ → फायनल २००८ (हार). पाचही फायनल चपखल बसतात. ताळा हवा असेल तर यूरगोर्डेन/एल्व्हशो घ्या: त्यांनी २००३ ची लीग जिंकली आणि २००५ ची फायनल खेळली, टुर्बिने पोट्सडामविरुद्ध हरले.

म्हणून रकाने तीन ठेवा: कोणत्या लीगमुळे प्रवेश, स्पर्धेचा हंगाम (२००२-०३ असा जोडून), आणि फायनलची तारीख. तिसरा रकाना खेळाडूंसाठी लागतो. फायनल येईपर्यंत स्वीडनमध्ये नवा हंगाम सुरू झालेला असतो, त्यामुळे प्रवेश मिळवून देणारा संघ आणि फायनल खेळणारा संघ एकच असेल असं नाही.

मार्ताचं उत्तरही यातच आहे. ती ब्राझीलहून २००४ च्या सुरुवातीला आली. २००३-०४ च्या स्पर्धेचा फक्त शेवट तिच्या वाट्याला आला, पण फायनल खेळली. म्हणून विजेतेपद एक (२००४), हरलेल्या फायनल दोन (२००७, २००८). २००३ चं तिच्या नावावर टाकू नका. तो संघ हाना युंगबेरी आणि कर्णधार मालिन मूस्ट्रमचा. युंगबेरीने त्याआधीच्या, २००२ च्या लीगमध्ये ३९ गोल केले होते, आणि लीग होती फक्त २२ फेऱ्यांची!

ऑफसाइड

वरच्या प्रतिसादाशी सहमत. स्कोअर भरतानाचा एक सापळा सांगतो. २००२ ची फायनल एकच सामना होती (फ्रांकफुर्टमध्ये ०-२ ने हार). २००३ पासून २००९ पर्यंत फायनल दोन सामन्यांची, एक घरी आणि एक बाहेर. स्कोअर लिहिताना यजमानाचे गोल आधी लिहितात. त्यामुळे परतीच्या सामन्याचा आकडा जसाच्या तसा उतरवला की अर्थ उलटतो.

२००८ ची फ्रांकफुर्टविरुद्धची फायनलच घ्या. ऊमेओत १-१, फ्रांकफुर्टमध्ये ३-२. हा ३-२ फ्रांकफुर्टचा आहे, एकूण ४-३ ने तेच जिंकले. (त्या सामन्याला २७,६४० प्रेक्षक होते.) ऊमेओचे गोल कायम आधी लिहायचे ठरवलंत तर असं होईल:

२००३, फोर्टुना यरिंग: ४-१, ३-०, एकूण ७-१
२००४, फ्रांकफुर्ट: ३-०, ५-०, एकूण ८-०
२००७, आर्सेनल: ०-१, ०-०, एकूण ०-१
२००८, फ्रांकफुर्ट: १-१, २-३, एकूण ३-४

२००७ चा एकुलता एक गोल ऊमेओच्या स्वतःच्या मैदानावर, भरपाई वेळेत, आर्सेनलच्या अ‍ॅलेक्स स्कॉटने मारला. ती उजवी बॅक, म्हणजे बचावपटू! १८० मिनिटांत मार्ताच्या संघाला एकही गोल करता आला नाही हे त्याहून नवल.

आणि हो, २००९-१० पासून हीच स्पर्धा महिला चॅम्पियन्स लीग झाली. त्याआधीच्या ओळींत ते नाव घालू नका.

थ्रोइन

स्थापनेबद्दल: दोन्ही वर्षं बरोबर. १९१७ मूळ क्रीडा संघाचं, १९८५ महिला फुटबॉल विभागाचं. तुमच्या तक्त्याला १९८५ लागू, १९१७ तळटीपेत.

नावांची काळजी घ्या. ऊमेओ एफसी हा त्याच शहरातला वेगळा, पुरुषांचा क्लब आहे. शिवाय माल्मोच्या एफसी रोसेनगोर्डच्या पूर्ण नावातही १९१७ येतं, त्यांचा ऊमेओशी काही संबंध नाही. तो महिला संघ आधी माल्मो एफएफचा विभाग होता, २००७ मध्ये एलडीबी एफसी माल्मो झाला आणि २०१३ मध्ये रोसेनगोर्ड. नाव बदललं म्हणून जुनी विजेतेपदं तोडायची नसतात.

Umeå चा उच्चार 'उमिया' नाही. शेवटच्या अक्षरावरचं वर्तुळ म्हणजे 'ओ'.

कॉर्नरकिक

छान उलगडलं. सुवर्णकाळ कुठे संपवू? २००८ ला?

डावी_विंग

लीगपुरता २००८ ला. २०००, ०१, ०२, ०५, ०६, ०७, ०८ अशी एकूण सात. स्वीडिश चषक चार: २००१, ०२, ०३, ०७. २००९ मध्ये अमेरिकेत नवी व्यावसायिक लीग सुरू झाली, मार्ता लॉस एंजेलिसला गेली आणि लीग लिनशोपिंगने घेतली. फिफाचा २००८ चा सर्वोत्तम महिला खेळाडूचा पुरस्कार तिला जानेवारी २००९ मध्ये मिळाला, तो ऊमेओतल्या खेळासाठीच. २००६ आणि २००७ सोबत तोही याच क्लबच्या काळात धरा.

पुढे 'श्रेणी' असा रकाना लागेल. २०१६ मध्ये संघ एलितेत्तान या दुसऱ्या श्रेणीत घसरला. २०२० ला वर आला, त्याच वर्षी खाली. २०२२ ला पुन्हा तेच. म्हणजे वर आल्यावर दोन्ही वेळा एकेकच हंगाम टिकला.

कॉर्नरकिक

२००८ चा ३-२ मी ऊमेओचा विजय म्हणूनच लिहिला होता. आत्ता दुरुस्त केला.