'सेक्रेटरी अँड ट्रेझरर': माणूस एक की दोन?

रानजाई
एका जुन्या विश्वस्त संस्थेच्या इंग्रजी इतिवृत्तांचा मराठी अनुवाद करते आहे. वाक्य असं आहे: 'द सेक्रेटरी अँड ट्रेझरर इन्फॉर्म्ड द मेंबर्स...' मी लिहिलं, 'सचिव व खजिनदार यांनी सभासदांना कळवले.' तपासणाऱ्या गृहस्थांनी शेरा मारला की इंग्रजीत 'द' एकदाच आलाय, म्हणजे माणूस एकच, आणि तुमच्या मराठीत मात्र दोघे दिसतात. मला तर माझ्या वाक्यात एक की दोन काहीच ठरत नाही असं वाटतं. 'यांनी' एकाला आदरार्थी चालतं, दोघांनाही चालतं. मग (अ) एका 'द'वरून एवढा निष्कर्ष काढता येतो का? (ब) माणूस खरंच एक असेल तर मराठीत ते कसं दाखवाल?

जुना मास्तर
शेरा बरोबर आहे. 'द पोएट अँड स्कॉलर इज डेड', म्हणजे कवी आणि पंडित एकच. 'द पोएट अँड द स्कॉलर आर डेड', म्हणजे दोघे गेले. हे आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून शिकवलं. आपल्या राज्यघटनेचं 148 वं कलम काढा. 'कंट्रोलर अँड ऑडिटर जनरल' असं पदनाम आहे, मध्ये 'अँड' आहे, पण पद एक आणि माणूसही एकच. मराठीत आपण त्याला 'नियंत्रक व महालेखापरीक्षक' म्हणतो.

खाडीपलीकडचा
मास्तर, मी इंग्लंडमध्ये राहतो. हा नियम इथल्या बोलण्यात टिकत नाही. 'माय मदर अँड फादर आर कमिंग' हे इथे रोज ऐकू येतं. 'माय' एकदाच, माणसं दोन. 'द ब्राइड अँड ग्रूम वेअर लेट', 'द' एकदाच. जेवायच्या टेबलावर 'अ नाइफ अँड फोर्क' मागतात, 'अ' एकच आणि वस्तू दोन. संख्या कळते ती क्रियापदावरून. रानजाई, तुमच्या वाक्यात 'इन्फॉर्म्ड' आहे आणि इंग्रजी भूतकाळ तिथे मुका आहे. त्याच इतिवृत्तांत पुढे-मागे कुठे 'सेक्रेटरी अँड ट्रेझरर'नंतर 'हॅज', 'हॅव', 'वॉज' किंवा 'वेअर' आलंय का ते शोधा. निकाल तिथे लागेल.

जुना मास्तर
तुमची उदाहरणं वेगळ्या जातीची आहेत. नवरा-नवरी एकच माणूस असू शकत नाही, म्हणून तिथे दुसरा 'द' गाळला तरी घोटाळा होत नाही. सचिव आणि खजिनदार एकच असू शकतो. जिथे घोटाळ्याला वाव आहे तिथे जबाबदार लेखनिक 'द' दोनदा लिहिणारच. बोलण्यातली ढिलाई कागदपत्रांच्या भाषेला लावू नये.

खाडीपलीकडचा
पटलं नाही. 'द चेअरमन अँड सेक्रेटरी वेअर प्रेझेंट' असं लिहिणारे जबाबदार लेखनिकही असतात. मास्तर जिला ढिलाई म्हणतात तीच इंग्रजी, ज्यांची ती भाषा आहे त्यांची.

कारकून
(ब) बद्दल. महसूल खात्यात याचं उत्तर दारावरच टांगलेलं असतं: 'तहसीलदार तथा कार्यकारी दंडाधिकारी'. एक खुर्ची, एक माणूस, दोन अधिकार. तुम्ही 'सचिव तथा खजिनदार' लिहा, कोणी शंका घेणार नाही.

सोनचाफा
कारकूनदादा, मी शंका घेते. मी नागपूरची. आमच्याकडे हिंदी दिवसभर कानावर असते आणि हिंदीत 'राम तथा श्याम' म्हणजे सरळ दोघे. संस्कृतातही 'तथा' म्हणजे 'तसेच'. 'सचिव तथा खजिनदार' वाचून इथला निम्मा वाचक दोन माणसंच समजेल. त्यापेक्षा चार शब्द जास्त गेले तरी चालतील, 'सचिव आणि खजिनदार ही दोन्ही पदे सांभाळणारे श्री. अमुक' असं स्पष्ट लिहावं.

कारकून
मराठीत 'तथा'चा अर्थ मराठीत पाहायचा. 'पांडुरंग सदाशिव साने तथा साने गुरुजी' वाचून कुणाला दोन माणसं दिसतात का?

सोनचाफा
तिथे नाव आणि टोपणनाव आहे, तिथे 'उर्फ'ही चालतं. 'तहसीलदार उर्फ दंडाधिकारी' चालेल का? नाही ना? म्हणजे एकाच 'तथा'ला तुम्ही दोन कामं लावताय आणि तिसरं काम हिंदीनं लावलंय.

दौतटाक
सगळे 'द' आणि 'तथा'वर भांडताय, पण खरी गंमत रानजाईंच्या 'यांनी'त आहे. मराठीत विभक्तीचा प्रत्यय दोन नामांना मिळून एकदा लावता येत नाही, निदान लेखी भाषेत तरी अवघडल्यासारखं होतं. 'सचिवाने व खजिनदाराने' असा दोनदा लावा, नाहीतर दोन्ही नामं मोकळी ठेवून शेवटी एक सर्वनाम आणा आणि प्रत्यय त्याच्या अंगावर घाला: 'सचिव व खजिनदार यांनी'. हे जोडकाम करणारं 'यांनी'. दुसरं आदराचं 'यांनी', जे एकाच्याही मागे येतं: 'जिल्हाधिकारी यांनी आदेश दिला'. दोन्ही दिसायला सारखी, म्हणून तुमचं वाक्य मुकं झालं. 'सचिवांनी व खजिनदारांनी' लिहिलंत की दोघे झाले. 'सचिव-खजिनदारांनी' लिहिलंत की एकाकडे झुकलं. मला 'तथा'पेक्षा ही संयोगरेषा बरी वाटते.

रानजाई
दौतटाक, हे फार कामाचं आहे. खाडीपलीकडचे, तुमचं ऐकून पुढची पानं चाळली. एका ठिकाणी 'हॅज रिझाइन्ड' आहे, पण तिथे 'ऑनररी सेक्रेटरी' एवढंच लिहिलंय. खजिनदाराचं नाव नाही.

खाडीपलीकडचा
म्हणजे सचिव गेला, खजिनदार राहिला असेल, तर दोघे होते. पण एवढ्यावरून पैज लावणार नाही.
या 'अँड'वरून घरातली गोष्ट आठवली. मुलगी लहान असताना 'मी अँड एमा वेंट' म्हणायची (हे इंग्रजी 'मी', म्हणजे 'मला'वालं; मराठी 'मी' म्हणजे इंग्रजीत 'आय'). इथली सगळीच मुलं म्हणतात. शाळेत बाईंनी 'एमा अँड आय' असं घोटवून घेतलं. आता ती 'बिटवीन एमा अँड आय' म्हणते! 'बिटवीन'नंतर इंग्रजी 'मी' हवं, पण 'अँड'च्या पुढे 'मी' आलं की चूक, एवढंच तिच्या डोक्यात बसलंय. ज्यांच्या सात पिढ्या इंग्रजी बोलत आल्या तेही हेच करतात.

जुना मास्तर
अर्धवट शिकवल्याचा हा परिणाम. दुसरं नाम क्षणभर बाजूला काढून वाक्य म्हणून पाहायला शिकवलं असतं तर ही वेळ आली नसती. राणी एलिझाबेथच्या भाषणांतलं 'माय हजबंड अँड आय' जगाला पाठ झालं होतं. 1972 मध्ये लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी तिनं त्याच शब्दांवर सभेला हसवलं. पण ते कर्त्याच्या जागी होतं, म्हणून बरोबर होतं.

खाडीपलीकडचा
आणि 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये अँटोनिओच्या पत्रात शेक्सपिअरनं 'बिटवीन यू अँड आय' लिहिलंय, त्याला कोणत्या बाईंनी घोटवून घेतलं होतं? चारशे वर्षं जुन्या वापराला चूक म्हणायचं तर बरोबर काय उरतं?

दौतटाक
मराठीत ही चूक करायची म्हटली तरी होत नाही. 'तू आणि माझ्यात' कोणी म्हणेल का? 'तुझ्यात नि माझ्यात'च. सर्वनामं आपापला प्रत्यय सोडत नाहीत. 'राम आणि श्यामला बोलाव' असं नामांचं बोलण्यात चालून जातं.
शिवाय आपण 'मी आणि माझा भाऊ गेलो' असं स्वतःला खुशाल आधी ठेवतो, त्यात कुणाला उद्धटपणा दिसत नाही. इंग्रजीत मुलांना स्वतःचं नाव शेवटी घ्यायला शिकवतात.

सोनचाफा
जरा शुद्धलेखनाचं. सगळे 'व' का लिहिताय? 'व' अरबी-फारसीकडून आलेला. आपलं 'आणि' पसायदानात आहे, 'आणि ग्रंथोपजीविये'. सरकारी कागदांनी 'आणि'ला पार हद्दपार केलंय.

कारकून
'सरकार', 'कागद', 'हद्दपार' हे शब्द कुठून आले ताई? तीन शतकं पत्रव्यवहार, हुकूम आणि हिशोब ज्या 'व'नं चालवले तो आता मराठीच आहे. आणि कामाचाही आहे. यादी लांब असली की जवळच्या जोड्या 'व'नं बांधता येतात आणि मोठे गट 'आणि'नं. एकाच 'आणि'नं सगळं करून पाहा, कुठली जोडी कुठे संपते तेच कळत नाही.

सोनचाफा
ती सोय 'नि'नंही होते. बोलताना 'व' किती जण म्हणतात ते सांगा. मी तरी ऐकलेला नाही.

खाडीपलीकडचा
इंग्रजांचा 'अँड'सुद्धा बोलताना नुसता 'न' होतो. 'फिश-न-चिप्स'. आणि तो पदार्थ एकच धरतात, 'फिश अँड चिप्स इज ऑन द मेन्यू'. 'जिन अँड टॉनिक'चं अनेकवचन 'टू जिन अँड टॉनिक्स', 'एस' एकदम शेवटी. म्हणजे अख्खं जोडपद एक नाम झालं.

दौतटाक
आपल्या समाहार द्वंद्वासारखं, म्हणजे दोन सारख्या महत्त्वाची पदं जोडून सगळ्याचा मिळून एकच अर्थ होणाऱ्या समासासारखं. 'चहापाणी झालं', 'मीठभाकर मिळाली', सगळं एकवचनात. आणि जोडीत आधी कोण यायचं तेही दोन्हीकडे बरंच जुळतं. पाणिनीचं 'अल्पाच्तरम्' सूत्र आहे: द्वंद्वात कमी स्वरांचं पद आधी. 'ब्रेड अँड बटर', 'सॉल्ट अँड पेपर', 'लेडीज अँड जंटलमेन', आपलं 'मीठभाकर', 'आईवडील'. सगळीकडे आखूड आधी.

जुना मास्तर
'हजबंड अँड वाइफ'? 'वरणभात'? दोन्हीकडे लांब आधी. भातवरण कोण म्हणतं?

दौतटाक
'हजबंड'च्या बाबतीत मान आधी आला. अधिक पूज्य ते आधी असंही वार्तिक, म्हणजे पाणिनीच्या सूत्राला जोडलेला पूरक नियम, आहेच. 'वरणभात' मी द्वंद्व धरतच नाही. तो साखरभातासारखा मध्यमपदलोपी, म्हणजे मधलं पद गाळलेला समास: वरण घातलेला भात. म्हणून तर 'वरणभात झाला', भाताचं लिंग.

सोनचाफा
कसा काय? आमच्याकडे वरण वेगळ्या वाटीत वाढतात, मग कालवतात. वाढताना द्वंद्व आणि कालवल्यावर मध्यमपदलोपी म्हणायचं का? आणि शेवटच्या पदाचं लिंग तर द्वंद्वालाही लागतं. मी 'वरणभात' द्वंद्वच शिकले आणि मुलांनाही तेच शिकवते.